जिराफ आडवा झोपत नाही

वरच्या मजल्यावरची मुलगी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिचा पुढचा एक दात पडलेला होता. तिची आई दारातच उभी राहून मला सांगत होती, "काकू, साडेतीनला तिची व्हॅन येते. आम्हा दोघांनाही अंबत्तूरच्या ऑफिसातून यायला सात वाजतात. तेवढा वेळ जर..." तोवर मुलगी चप्पल काढून आत शिरली होती आणि कपाटातली पुस्तकं बोट लावून मोजत होती. मोजून झाल्यावर तिने विचारलं, "तू टीचर होतीस ना? मग आता काय आहेस?" आई ओशाळली. मी म्हटलं, "आता म्हातारी आहे." उत्तर तिला पटलं.

मी मूळची मिरजेची. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चेन्नईला, वेस्ट मांबलमच्या या घरात आले. माझ्या सासरचे लोक तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात काढलेले, आणि त्यांच्या घरातलं मराठी इतकं जुनं आणि इतकं तमिळ की पहिले दोन महिने मी नुसती मान हलवत होते. पुढे इथल्याच एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आठ वर्षांपूर्वी नवरा गेला. मूल झालं नाही. हे मी सरळ लिहिते, कारण लोक याविषयी विचारताना आवाज खाली आणतात आणि मला त्या खालच्या आवाजाचा फार राग येतो.

घरात आता मी आणि अक्का, म्हणजे माझी नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, वय शहात्तर. आम्ही दोघी एकमेकींच्या चुका काढण्यात दिवस घालवतो आणि आमचं छान चाललेलं असतं. वरची मंडळी पुण्याची, कंपनीने इकडे पाठवलेली. जिना उतरताना एकदा त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि इतक्या लांब कोणीतरी मराठी बोलतंय म्हणून त्यांना भरून आलं. अक्काचं बोलणं मराठी आहे हे त्यांना कळायला मात्र जरा वेळ लागला.

मुलगी मला आजी म्हणायची आणि अक्काला पाटी, म्हणजे तमिळमध्ये आजीच. इमारतीतली सगळी मुलं अक्काला पाटी म्हणतात, म्हणून तीही. दोन म्हाताऱ्यांसाठी दोन भाषांतले दोन शब्द, तिचा हिशेब चोख होता.

जिराफ आमच्या घरात आला तो नाइलाजाने. शाळेत प्रत्येकाला एका प्राण्यावर दोन मिनिटं बोलायचं होतं. वाटप झालं त्या दिवशी हिला ताप होता. वाघ, सिंह, मोर, हत्ती सगळे खपले आणि हिच्या वाट्याला जिराफ राहिला. ती दप्तर आपटून म्हणाली, "जिराफ काहीच करत नाही. नुसता उभा राहतो."

"नुसतं उभं राहणं सोपं वाटतं तुला?" मी म्हटलं. "चल वर."

आम्ही गच्चीवर गेलो. आमची इमारत चार मजली. खाली जमिनीत पाण्याची टाकी, वर गच्चीवर दुसरी, आणि मध्ये पाणी चढवणारी मोटर. चेन्नईत वाढणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही. मोटर बिघडली की आंघोळ नाही एवढं त्यांना बोलता येण्याआधीच कळतं. मी तिला गच्चीच्या कठड्याशी नेऊन खाली दाखवलं. "हे पाणी तिथून इथवर चढवायला मोटर किती घरघरते, ऐकलंस ना? जिराफाचं डोकं त्याच्या हृदयापासून दोन मीटर वर. तिथवर रक्त चढवायचं, तेही दिवसरात्र, एकदाही न थांबता. म्हणून त्याचं हृदय मोठं, भिंती जाड, आणि रक्ताचा दाब आपल्या दुप्पट. तो उभा असतो तेव्हा आतून केवढं काम चाललेलं असतं."

तिने विचार केला. मग म्हणाली, "पण तो पाणी प्यायला मान खाली घालतो तेव्हा? सगळं रक्त धबाक्कन डोक्यात नाही येणार?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलीने आपणहून विचारला नव्हता. त्या विचारायच्या, "मिस, परीक्षेला येईल का?" मी तिथेच, वाळत घातलेल्या लुगड्यांमध्ये, त्या मुलीच्या प्रेमात पडले. वयाला न शोभणारा शब्द आहे, पण दुसरा सापडत नाही.

मी तिला टाकीच्या नळावरचा वॉल्व्ह दाखवला. मोटर बंद झाली की चढलेलं पाणी परत खाली धावू नये म्हणून प्लंबर बसवतो तो. जिराफाच्या मानेतल्या मोठ्या शिरेत असेच पडदे असतात. मान खाली गेली की ते मिटतात आणि हृदयाकडे निघालेलं रक्त उलटं डोक्याकडे फिरत नाही. शिवाय मेंदूच्या खाली बारीक रक्तवाहिन्यांचं एक जाळं असतं, त्यात दाबाचा जोर मोडतो. "आणि पाय?" तिने विचारलं. "पायात नाही साठत रक्त?"

पायांसाठी मला वर्गातला तक्ता लागला नाही. खाली अक्का होती. अक्काच्या पायांच्या शिरा फुगतात म्हणून डॉक्टरांनी तिला गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले आहेत. रोज सकाळी ते चढवताना ती डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मी मुलीला सांगितलं की जिराफाच्या पायांवरची कातडी जाड आणि घट्ट असते, पाटीच्या मोज्यांसारखी, म्हणून रक्त खाली तुंबत नाही. मुलगी अक्कासमोर जाऊन बसली, मोज्यांवरून हात फिरवला आणि गंभीरपणे म्हणाली, "पाटी, तू खालून जिराफ आहेस."

"सरी, बरें," अक्का म्हणाली, "वरून कोण आहें तें तुझ्या आजीस विचारूं नको."

दोन मिनिटांचं भाषण ती आठ मिनिटं बोलली. बाईंनी वहीत शेरा लिहिला की विद्यार्थिनीने वेळेचं भान ठेवावं. मी तो शेरा दोनदा वाचला आणि मला माझ्या नोकरीतलं एकही प्रशस्तिपत्रक इतकं आवडलं नव्हतं.

खरं तर तिथे जिराफ संपायला हवा होता. पण तो राहिला. मानेत आपल्याइतकेच सात मणके, फक्त एकेक वीतभराहून लांब, हे कळल्यावर तिने येणाऱ्याजाणाऱ्याची मान चाचपून मणके मोजायला सुरुवात केली. इस्त्रीवाल्याचीही सोडली नाही. जिराफ चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो हे सांगितलं, तर ती आठवडाभर आमच्या बोळकांडीत हातापायांवर तशी चालली आणि दोनदा अक्काच्या काठीवर आदळली. जिराफाची जीभ हातभर लांब आणि पुढून काळीनिळी असते, बाभळीच्या काट्यांमधून ती नेमकी पानं खुडते, हे ऐकून तिने खालच्या शेवग्याच्या झाडाची पानं जिभेने तोडायचा प्रयत्न केला. तोंडात मुंग्या गेल्या. मी खूप हसले आणि मग तिला गूळ दिला.

सव्वातीन वाजल्यापासून मी खिडकीशी असायचे. अक्का म्हणायची, "व्हॅन पळून जात नाहीं." मी म्हणायचे, मी रस्त्यावरची रहदारी बघतेय. वेस्ट मांबलमची रहदारी चाळीस वर्षं बघितल्यावर तिच्यात बघण्यासारखं काय उरलं होतं, ते अक्काने विचारलं नाही. ती तोंडाने फटकळ आहे, पण कुठे थांबायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एकदा मुलीने विचारलं, "जिराफाची आई बाळाला हाक कशी मारते?" मी म्हटलं, "मारत नाही. जिराफ मुका असतो." हे मी तीस वर्षं शिकवलं होतं, प्रश्नपत्रिकेत विचारलं होतं, आणि 'मुका नसतो' लिहिणाऱ्या एका मुलीचा अर्धा गुणही कापला होता. मुलगी म्हणाली, "मग बाळ हरवलं तर?" त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचायला बसले. जिराफ मुका नसतोच. तो फुरफुरतो, घोरल्यासारखा आवाज काढतो, पिल्लं बें-बें करतात, आणि पिल्लू दिसेनासं झालं तर आई ओरडते असंही लिहिलेलं होतं. फार क्वचित आवाज करतो, म्हणून आम्ही त्याला मुका ठरवून मोकळे झालो.

साडेतीनला ती आल्या आल्या मी सांगितलं, "काल मी तुला चुकीचं सांगितलं." ती माझ्याकडे बघतच राहिली. मोठी माणसं असं म्हणत नाहीत हे तिला ठाऊक होतं. मी तिला एक शब्द दिला: मला माहीत नसेल तर मी माहीत नाही म्हणेन, चुकले तर चुकले म्हणेन, पण तुला खोटं कधी सांगणार नाही. तिने हात पुढे केला आणि आम्ही हस्तांदोलन केलं. तो अर्धा गुण मात्र कोणाला परत द्यायचा ते मला आठवेना.

मग नवरात्र आलं. आमच्या घरी या दिवसांत गोलू असतो, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. वरच्या पायऱ्यांवर देव, मग संत, मग राजाराणी, वाणी, लग्नाची वरात, आणि खाली मुलांनी सजवलेली बाग. दरवर्षी एक तरी नवी बाहुली घ्यावी लागते. ही पद्धत सासरच्यांनी तंजावरात उचलली आणि आता ती अक्काच्या ताब्यात आहे. कुठल्या पायरीवर कोण, यावर तिचा शब्द शेवटचा. मी चाळीस वर्षांत फक्त एकदा मारुतीला एक पायरी वर ठेवलं होतं आणि त्याचा उल्लेख अजून होतो.

त्या वर्षी नवी बाहुली आणायला आम्ही तिघी मैलापूरला गेलो. देवळाबाहेरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बाहुल्यांची दुकानं लागलेली. अक्का दशावतार बघत होती. मुलगी एका गाड्याखाली वाकली आणि तिथून जिराफ घेऊन बाहेर आली. कागदाच्या लगद्याचा, हातभर उंच, ठिपके बिबट्याचे, मान बांबूसारखी ताठ. जिराफ कधीही न बघितलेल्या माणसाने केलेला जिराफ होता तो. मुलीने त्याच्यातल्या चार चुका दुकानदाराला तमिळमधून सांगितल्या आणि मग तोच हवा म्हणून अडून बसली.

"हें जनावर गोलूंत कसलें?" अक्का म्हणाली. "ह्याचें डोकें तिसऱ्या पायरीच्या देवास लागेल."

"तो खाली बागेत राहील," मी म्हटलं.

"बागेंत राहिला तरी मान वरतींच येणार ना?"

जिराफ आला. नऊ दिवस येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू आणि हरभऱ्याचं सुंडल अक्काने दिलं आणि जिराफाची माहिती मुलीने दिली. कोणी सुटलं नाही. पिल्लू जन्मताना आई उभीच असते, त्यामुळे ते माणसाच्या उंचीवरून जमिनीवर पडतं आणि तासाभरात धडपडत उभं राहतं. शिंगं जन्मतःच असतात, पण तेव्हा डोक्यावर चपटी मिटलेली असतात. एक मामी मला म्हणाली, "तुमची नात हुशार आहे हं." मी तिला दुरुस्त केलं नाही. जगातल्या सगळ्या चुका दुरुस्त करत आलेली मी, ती एक चूक मी चुपचाप पदरात घेतली.

विजयादशमीच्या संध्याकाळी गोलूतली एक बाहुली आडवी निजवतात. सण झाला, आता बाहुल्यांनी विश्रांती घ्यावी, म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळ्या कागदात गुंडाळून पेटीत जातात. अक्का दरवर्षी लाकडी राजाराणीतल्या राणीला निजवते. त्या वर्षी कौतुकाने म्हणाली, "कण्णा, बाळा, यंदा तुझ्या जिराफास निजवूं ये." आणि तिने जिराफ उचलून बाजूवर आडवा ठेवला, मानेखाली घडी केलेला रुमालही दिला.

मुलगी किंचाळली. "तसं नाही! तसा तो झोपत नाही! तसा म्हणजे तो मेलाय!"

शेजारच्या बायका थबकल्या. दसऱ्याच्या दिवशी देवांसमोर तो शब्द. अक्काचा चेहरा पडला. चूक माझी होती. मीच तिला सांगितलं होतं की जिराफ फार थोडं झोपतो, जंगलात तर तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक उभ्यानेच डुलक्या घेतो. गाढ झोप लागली तर पाय मुडपून बसतो आणि मान मागे वळवून डोकं स्वतःच्याच पाठीशी टेकवतो, तेही चारदोन मिनिटं. कारण एवढ्या मोठ्या अंगाला उठायला वेळ लागतो आणि सिंह तेवढीच वाट बघत असतो. जिराफ कुशीवर आडवा दिसला तर समजावं, काहीतरी वाईट झालंय. हे सगळं मी तिला शिकवलं होतं. अक्काला शिकवायचं राहिलं होतं.

"पण एक बाहुलें तरी निजवायास होणेंच," अक्का हळू आवाजात म्हणाली. "अम्हीं लेंकरें होतों तेव्हांपासून करतों." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अक्काच्या डोळ्यांत पाणी मी तिचा भाऊ गेला तेव्हाही बघितलं नव्हतं. तिला वाटलं, तिच्या हातून अपशकुन झाला.

मुलगी रडत होती, अक्का रडायच्या बेतात होती, आणि मी, दोघींमध्ये, जन्मात पहिल्यांदा बरोबर काय ते सांगायचं सोडून दिलं. मी जिराफ उभा केला. राणी उचलून अक्काच्या हातात दिली. अक्काने तिला निजवलं. मग मुलीने डोळे पुसले आणि स्वतःच अक्काला कसं ते करून दाखवलं: जमिनीवर पाय मुडपून बसली, डोकं मागे वळवलं आणि स्वतःच्या खांद्यावर टेकलं. "असं, पाटी. आता तू." शहात्तर वर्षांची अक्का, घट्ट मोज्यांसकट, खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवून डोळे मिटती झाली. त्या खोलीत त्या वेळी मी इतकी सुखी होते की मला भीती वाटली.

भीती बरोबर होती. एप्रिलमध्ये मुलीची आई खाली आली. कंपनीने त्यांना परत पुण्याला बोलावलं होतं. ती आनंदात होती, आणि का असू नये? तिचं माहेर, सासर, सगळं तिकडे. कॉफीचा पेला हातात घेऊन ती सांगत होती की जूनपासून मुलीची शाळा तिकडेच, प्रवेशही झालाय. मी ऐकत होते. आणि मग, उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, "तिला इथेच ठेवा ना."

ती हसली. तिला वाटलं मी म्हाताऱ्या माणसांसारखं गोडगोड बोलतेय. पण मी थांबले नाही. मी म्हटलं, इथली शाळा चांगली आहे, तिला तमिळ येऊ लागलंय, तुम्हाला तिकडे घर लावायचंय, दोन वर्षं राहू दे. आमच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. सुट्टीत मी स्वतः तिला घेऊन येईन. म्हैसूरला नेऊन खरा जिराफ दाखवायचं मी तिला कबूल केलंय. मी एकामागून एक कारणं देत होते, आणि प्रत्येक कारणागणिक तिच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थोडं विरत होतं. मला ते दिसत होतं. तरी मी बोलत होते.

तिने पेला खाली ठेवला. "काकू," ती म्हणाली, अगदी सौम्यपणे म्हणाली, "ती आमची मुलगी आहे."

"हो," मी म्हटलं. "हो, अर्थात."

ती गेल्यावर अक्का आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलेल, मारुतीसारखा हाही उल्लेख जन्मभर पुरवेल. तिने नुसता पेला उचलला आणि मोरीत नेऊन घासला.

त्यानंतर कोणी काही वावगं बोललं नाही. शाळा एप्रिलअखेर सुटली, आई घरूनच काम करू लागली, सामान बांधायचं होतं. मुलगी अधूनमधून खाली यायची, पण आई बरोबर असायची, किंवा दहा मिनिटांत वरून हाक यायची. मी त्या बाईला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दार जरा जपूनच उघडलं असतं. पण मला वाटायचं, आपण ते वाक्य बोललो नसतो तर तो महिना आपल्याला मिळाला असता. साडेतीन ते सात, रोज. तो मी माझ्या हाताने घालवला. जाण्याच्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती, मुलीने मला घाईत मिठी मारली, अक्कालाही मारली, आणि खिडकीपाशी कोण बसणार यावरून बापाशी भांडत ती निघून गेली. सात वर्षांच्या मुलीने तसंच जायला हवं.

मी सव्वातीनला खिडकीशी उभं राहायचं बंद केलं. खरं म्हणजे त्या वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडते, कारण व्हॅन अजून येते. दुसऱ्या मुलांना घेऊन येते. तिच्या हॉर्नचा आवाज मला ओळखू येतो. माझ्यावर त्या मुलीचा काय हक्क, किंवा माझा तिच्यावर, मी आई नाही, आजी नाही, मावशी नाही. कोणाची आठवण काढायची तर निदान नातं सांगता यावं. विचारलं तर मी काय सांगणार, वरच्या भाडेकरूंची मुलगी गेली म्हणून माझं जेवणातलं लक्ष उडालंय? लोक पुन्हा आवाज खाली आणतील.

परवा रविवारी दुपारी फोन वाजला. मुलीची आई म्हणाली, "काकू, कशा आहात? ही कधीची मागे लागलीय." आवाजात जुना मोकळेपणा होता. माफ केलं होतं तिने, किंवा विसरली होती. मग मुलगी आली. आवाज थोडा बदललेला, पुढचे दात आलेले असणार. ती भरभर बोलत होती. नवी शाळा, नवी सायकल, आणि शाळा सुटल्यावर ती त्यांच्या सोसायटीतल्या एका आजीकडे जाते.

"ती आजी चांगली आहे," ती म्हणाली. "पण तिला काहीच माहीत नाही. जिराफाच्या मानेत किती हाडं, तर म्हणाली शंभर! मग मी तिला सगळं शिकवलं."

"छान केलंस," मी म्हटलं. मी न बघितलेल्या एका बाईचा मला इतका मत्सर वाटला की मला फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला.

"आजी, आता तुझ्याकडे साडेतीनला कोण येतं?"

"कोणी नाही."

तिला हे आवडलं नसावं. मग एकदम, उत्तर सापडल्यासारखी म्हणाली, "आमच्या घरात कोण राहायला आलं? त्यांना लहान मुलगी आहे का? असली तर तिला बोलाव ना. तिला शिकव."

वरच्या घरात जूनमध्ये कोईमतूरची मंडळी आली. त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे. दोन वेण्या घालते आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारते. तिची आई जुलैत खाली येऊन, दारातच उभी राहून, मला विचारून गेली होती. अक्काच्या पायांचं दुखणं पुढे करून मी तिला नाही म्हटलं. आत्ता, मी फोनवर असतानासुद्धा, ती पोर जिन्यात उड्या मारत होती.

"सांग ना," फोनमधून आवाज आला. "आहे का मुलगी?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्यांच्याकडे कोणी लहान नाही."

"अरे रे," ती म्हणाली, आणि तिने ते खरं मानलं, कारण मी तिला कधी खोटं सांगत नाही. मला दुसरी नको होती. मला हीच हवी होती.